अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात सामाजिक शास्त्रे: बारा श्रेयांकांपलीकडे काही करता येईल का?

विश्रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार. मी सांगली परिसरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागात शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आमच्याकडे अभ्यासक्रमाची फेररचना सुरू आहे. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) काय करायचे, हा विषय अभ्यास मंडळाच्या येत्या बैठकीत निघणार आहे. त्याआधी येथील जाणकारांची मते घ्यावीत म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत आधीच मांडतो, म्हणजे चर्चेला धरायला काहीतरी राहील.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये दिलेल्या नमुना अभ्यासक्रमात पदवीसाठी १६० श्रेयांक धरले होते आणि त्यांतले १२ मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे व व्यवस्थापन यांना मिळून होते. राज्यघटना आणि पर्यावरणशास्त्र हे विषय सक्तीचे, पण बिनश्रेयांकाचे होते. २०२० च्या धोरणाने आयआयटींसारख्या संस्थांनीही कला व मानव्यविद्यांना अधिक जागा द्यावी आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान अधिक शिकावे, असे म्हटले. विचार जुनाच आहे. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्येच सामान्य शिक्षणाचा आग्रह धरला होता. त्याच सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने लुईस समितीच्या १९४९ च्या अहवालानंतर मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांची स्वतंत्र शाखा उभी केली, आणि आजही तेथील पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला या क्षेत्रातले आठ विषय पूर्ण करावे लागतात. विश्वेश्वरय्या पुण्याला अभियांत्रिकी शिकायला आले ते १८८१ मध्ये बी. ए. होऊनच.

माझी तक्रार श्रेयांकांच्या संख्येपेक्षा ते कसे खर्ची पडतात याबद्दल अधिक आहे. बहुतेक ठिकाणी बारांतला मोठा वाटा व्यवस्थापन आणि इंग्रजी संभाषणकौशल्य घेऊन जातात. उरलेल्या विषयासाठी तासिका तत्त्वावर शिक्षक बोलावतात, त्यांना वेळापत्रकातले दुपारचे शेवटचे तास मिळतात आणि विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स आणून उत्तीर्ण होतात. अभियांत्रिकीचा समाजाशी संबंध कुठे येतो, हे त्या विद्यार्थ्याला चार वर्षांत एकदाही प्रत्यक्ष दिसत नाही.

आपल्या शहराचेच उदाहरण घेतो. कृष्णेच्या पुराची पातळी आपण आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतो. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. माझे विद्यार्थी विसर्गाचे, म्हणजे धरणातून सुटणाऱ्या आणि नदीतून वाहणाऱ्या पाण्याचे, गणित उत्तम करतात. कोयना धरणातून इतके क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) पाणी सुटले आणि वाटेत अमुक इतका पाऊस झाला, तर पुलापाशी पाणी किती तासांनी किती चढेल, हे ते संगणकावर मांडून दाखवतात. परंतु त्या आठवड्यात कित्येक घरे वेळेत रिकामी का झाली नाहीत, याचे उत्तर त्या गणितात सापडत नाही. नदीकाठच्या अनेकांना २००५ च्या पुराची खूण आपल्या भिंतीवर नेमकी कुठे आहे, ते ठाऊक होते. पाणी त्याच्या वर येणार नाही, अशा हिशेबाने लोकांनी धान्याची पोती, गाद्या आणि मुलांची दप्तरे त्या खुणेच्या वर फळीवर चढवली आणि ते घरातच थांबले. दावणीची जनावरे कुठे न्यायची, ते ठरत नव्हते. भाडेकरूला घर सोडले तर परत जागा मिळेल की नाही, याची धास्ती होती. पूर्वानुमान घराघरांत कसे पोहोचते, त्यावर कोण विश्वास ठेवतो आणि घर सोडण्याची किंमत कोणाला किती पडते, हे समाजशास्त्राचे, अर्थशास्त्राचे आणि इतिहासाचे प्रश्न आहेत. ते सुटले नाहीत तर अचूक पूर्वानुमानसुद्धा कागदावर राहते.

पूररेषांचेही तसेच. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर काढणे माझ्या विषयात येते. त्या रेषांच्या आत गुंठेवारीचे, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने जमीन तोडून विकलेले, प्लॉट कोणी पाडले, ते कोणी घेतले आणि घेणाऱ्याला शहरात दुसरीकडे परवडण्याजोगी जागा होती का, हे मला शिकवता येत नाही, आणि ज्याला शिकवता येते तो माझ्या वर्गात कधी येत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की तिसऱ्या वर्षी सहा श्रेयांकांचा एक संयुक्त प्रकल्प ठेवावा. विषय जिल्ह्यातलाच असावा, मार्गदर्शक दोन असावेत, एक अभियांत्रिकीचा आणि एक सामाजिक शास्त्रांचा, आणि गटात कला शाखेचे विद्यार्थीही असावेत. विश्रामबागेत १९१९ चे विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ मध्ये सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. असा शेजार फार थोड्या शहरांना मिळालेला आहे. आपले मत कळवावे.

शेजपाळी

सर, विषय अगदी योग्य वेळी काढलात. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून नोकरीचा बराच काळ उपसा सिंचन योजनांवर गेला आहे. आपल्या मुद्द्याला पुराच्या जोडीने दुष्काळाचीही बाजू आहे, ती मांडतो.

टेंभू योजना कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्याने ते कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे आणि पुढे सांगोल्यापर्यंत नेते. नदीचे पाणी इतके वर चढवून पठारावर आणणे ही मोठी अभियांत्रिकी आहे, याबद्दल मला अभिमान आहे. पण पाणी पठारावर पोहोचले की खरा प्रश्न सुरू होतो. मुखाजवळचा शेतकरी उसाला पाणी घेतो आणि शेपटाकडची चारी (कालव्याची लहान शाखा) कोरडी राहते. शेजपाळी, म्हणजे शेतांना पाणी देण्याचा ठरलेला क्रम, कागदावर चोख असते, तरीही पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला गावात राहायचे असते आणि दार कोणाच्या शेताकडे आधी उघडायचे, हे नेहमी पाळीपत्रकावरून ठरत नाही. रात्रीची पाळी एकट्या बाईच्या रानाला आली, तर बॅटरी घेऊन तिने पाणी धरायला जायचे कसे, हा प्रश्न पाळीपत्रकाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. पाइपचा व्यास काढणाऱ्या मुलाला हे पदवीच्या काळातच कळले पाहिजे, कारण नोकरीत शिरल्यावर ते समजून घ्यायला कोणी सवड देत नाही.

आपल्याच जिल्ह्यात याची उत्तम उदाहरणे आहेत, आणि ती आपल्या अभ्यासक्रमात नाहीत याची मला खंत वाटते. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदूळवाडी या गावांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधले. त्याआधी दुष्काळ पडलेला होता, मुंबईतल्या १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगार गावी परतलेले होते आणि नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोकांनी त्या वाळूवरचा आपला हक्क मागितला, थोडी वाळू स्वतः विकून धरणाचा पैसा उभारला आणि जाणत्या अभियंत्यांची मदत घेतली. पाण्यात भूमिहीनांनाही वाटा राहील, असे त्यांनी ठरवले. या एका लहान धरणात भूजलशास्त्र, बांधकाम, सहकार, कायदा आणि जमिनीच्या मालकीचा इतिहास एवढे सगळे आहे. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तेव्हाही पाण्याचा हिशेब जमिनीच्या एकरांवर न करता माणसांवर केला होता, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला त्यात जागा नव्हती. साळुंखे स्वतः अभियंते होते.

पुढे आटपाडी भागात नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखालील चळवळीने समन्यायी पाणीवाटपाची मागणी केली आणि तिथे उघड्या कालव्यांऐवजी बंद नलिकेतून पाणी देण्याचा मार्ग पुढे आला. बंद नलिकेने बाष्पीभवन वाचते आणि भूसंपादन कमी होते, हे अभियंत्याला लगेच पटते. नलिकेतून मोजून पाणी देता येते, म्हणून वाटप न्याय्य करणेही शक्य होते, हे मात्र आधी चळवळीला दिसले. आपल्या प्रकल्पाला विषय हवा असेल, तर आटपाडीला या. मी सोबत येईन.

आटपाडीकर

माझी मुलगी यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी पालक म्हणून लिहीत आहे आणि थोडे वेगळे लिहीत आहे, त्याबद्दल राग नसावा.

शेजपाळी काकांनी आमच्या तालुक्याबद्दल जे लिहिले ते खरे आहे. पण आम्ही मुलीला शैक्षणिक कर्ज काढून सांगलीला पाठवले, ते तिला नोकरी लागावी म्हणून. कंपनी भरतीला येते तेव्हा गणिताची आणि संगणकाची चाचणी घेते आणि मुलाखत इंग्रजीतून होते. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. पहिल्या वर्षी वर्गात शंका विचारायलाही ती बिचकत असे आणि त्या संभाषणकौशल्याच्या तासांचा तिला खरोखर उपयोग झाला. ज्या शिक्षकांना हे तास कमी महत्त्वाचे वाटतात, त्यांनी आमच्यासारख्या गावांतून येणाऱ्या मुलांचा विचार करावा. सहा श्रेयांकांचा प्रकल्प म्हणजे गावोगाव फिरणे आले, त्याचा खर्च आणि वेळ आला. मुलींच्या प्रवासाची आणि सुरक्षिततेची जबाबदारी कोण घेणार? हे आधी ठरावे, मग समाजशास्त्र.

मिरजकरीण

मी मिरजेत राहते आणि पदवीच्या वर्गांना समाजशास्त्र शिकवते. आटपाडीकर भाऊ, आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. इंग्रजीचे तास कमी करून सामाजिक शास्त्रांना जागा करणे अन्यायाचे होईल, कारण त्या तासांची गरज सर्वांत जास्त त्याच विद्यार्थ्यांना असते ज्यांच्या गावांबद्दल आपण येथे बोलत आहोत.

धागाकर्त्यांचा प्रस्ताव मला आवडला आहे, तरी त्यातली एक गोष्ट मला अस्वस्थ करते. असे संयुक्त प्रकल्प मी पाहिले आहेत. त्यांत अभियांत्रिकीची मुले आराखडा करतात आणि कला शाखेच्या मुलांच्या हाती प्रश्नावली देऊन त्यांना दारोदार पाठवले जाते. ‘आपण योजनेबद्दल समाधानी आहात का? होय / नाही / सांगता येत नाही’, असे पन्नास कागद भरून येतात, त्यांचे गोल आलेख निघतात आणि अहवालात एक प्रकरण वाढते. याला सामाजिक शास्त्र म्हणत नाहीत. प्रश्नावली हातात घेण्याआधी त्या गावात जमीन कोणाकडे आहे, वस्त्या कशा विभागलेल्या आहेत, सातबाऱ्यावर बाईचे नाव आहे की नाही, ग्रामसभेत कोण बोलते आणि कोण मागे उभे राहते, हे विचारात घ्यावे लागते, आणि त्यासाठी वाचन लागते. जात, लिंगभाव, जमीनधारणा, राज्यसंस्था या संकल्पना शेताच्या बांधावर आपोआप कळत नाहीत, जसे प्रवाहाचे समीकरण नदीकडे पाहून कळत नाही. म्हणून प्रकल्पाच्या आधीच्या सत्रात किमान दोन श्रेयांकांचे वाचन आणि चर्चा हवी, आणि ती दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून करावी.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या विद्यार्थ्यांना आकड्यांची भीती वाटते. पुराच्या बातमीतला क्युसेक म्हणजे काय, आणि धरणाची क्षमता टीएमसीत (अब्ज घनफुटांत) सांगतात तर विसर्ग क्युसेकमध्ये का, हे विचारल्यावर वर्ग गप्प होतो. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर ते तावातावाने बोलतात. कृष्णेच्या पाण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७० च्या दशकात राज्याराज्यांत केलेले पाणीवाटप किंवा दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास दिलेली मान्यता हे विषय राज्यशास्त्रात येतात. पण पातळी वाढली की फुगवटा नदीत मागे कुठवर जातो, हे कसे काढतात याची त्यांना कल्पना नसते, त्यामुळे त्यांचे मत वर्तमानपत्राच्या मथळ्यावर ठरते. २०२० च्या धोरणाने कला शाखेने विज्ञान शिकावे असेही म्हटले आहे, याची आठवण आपण स्वतः करून दिलीत. तेव्हा हा धागा केवळ अभियंत्यांना सुसंस्कृत करण्याचा राहू नये. आमच्या मुलांना नकाशा, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) आणि शक्यतेचे गणित शिकवायला अभियांत्रिकीचे शिक्षक आमच्याकडे येतील का?

पाटणखोरे

येथे कोयनेचा उल्लेख केवळ विसर्गाच्या संदर्भात झाला, म्हणून लिहितो. आमचे मूळ गाव कोयना खोऱ्यातले आणि ते कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेले. आता आमचे कुटुंब सातारा शहरात असते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेला भूकंप जगभर अभियांत्रिकीत शिकवला जातो. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नाच्या चर्चेत कोयनेचे नाव पहिल्या काही उदाहरणांत येते. त्या भूकंपानंतर देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशा सुधारला गेला. मी स्वतः कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलो आणि धरणाच्या भिंतीवरचे भूकंपाचे बल काढण्याची उदाहरणे सोडवली. त्याच धरणासाठी उठवलेल्या गावांचे काय झाले, यावर परीक्षेत कधी प्रश्न आला नाही. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला. कोयनेचे पाणी त्याच्या कितीतरी आधी अडले होते. कुटुंबे रायगड, ठाणे, सोलापूर अशी पांगली. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिकवणाऱ्या माणसाला सपाट, कोरड्या मुलखात जमीन दिली, तर तो तिथे काय करणार? आणि जी माणसे जलाशयाच्या वरच्या अंगाला राहिली, त्यांचा तालुक्याच्या गावाशी संबंध लाँचवर येऊन ठेपला.

मला वाटते, प्रत्येक धरणाच्या आराखड्यासोबत बुडीत क्षेत्राच्या गावांची यादी असते, ती विद्यार्थ्याने एकदा वाचावी आणि त्यांतल्या एका गावाचा माग काढावा. गाव कुठे वसले, जमीन किती मिळाली, सातबारा कधी झाला, गावठाणात पाणी, रस्ता आणि स्मशान या सोयी कोणत्या वर्षी आल्या, एवढेच शोधायचे. यासाठी महसूल खात्याची कागदपत्रे वाचता आली पाहिजेत आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलता आले पाहिजे. मिरजकरीण ताईंनी वाचनाचे जे लिहिले त्यात अभिलेखागाराचीही भर घालावी, ही विनंती.

वारणाकाठ

मी सांगलीचा असून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. चर्चा स्थापत्य आणि पाण्याभोवती फिरत आहे, ते स्वाभाविकही आहे. पण आज विद्यार्थ्यांचा मोठा ओढा संगणक आणि त्याच्या आजूबाजूच्या शाखांकडे आहे आणि त्यांचे काम समाजात जास्त खोलवर जाते.

एक साधे उदाहरण देतो. मदतीसाठी किंवा योजनेसाठी ऑनलाइन अर्जाचा नमुना तयार होतो, तेव्हा कोणीतरी अभियंता ठरवतो की कुटुंबप्रमुखाचे नाव हा रकाना एकच असेल, बँक खाते एकच असेल आणि पत्ता मालकीच्या घराचा असेल. एका छपराखाली दोन चुली असतील, घर सासऱ्याच्या नावावर असेल, राहणारा भाडेकरू असेल किंवा नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई असेल, तर तो अर्ज पुढे सरकत नाही. तिथे लाल अक्षरांत चूक दाखवली जाते आणि ती चूक अर्जदाराची ठरते. कुटुंब कशाला म्हणायचे, हा समाजशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विषय आहे, आणि तो न शिकलेली माणसे रोज त्याची व्याख्या करत आहेत.

यंत्र शाखेसाठी ऊसतोडणी यंत्र घ्यावे. आपल्याकडे हंगामात बीडकडून तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) त्यावर ठरते आणि मुले उसाच्या फडाच्या कडेला वाढतात. यंत्राने हे कष्ट संपावेत असे कोणालाही वाटेल, मलाही वाटते. मात्र लहान, तुकड्यातुकड्यांच्या रानात यंत्र वळत नाही, सरीचे अंतर वाढवावे लागते आणि जिथे यंत्र पोहोचते तिथल्या टोळीची उचल कोणी फेडायची, हा प्रश्न उरतो. या तिन्ही गोष्टी एकाच आराखड्याच्या भाग आहेत. ज्या विद्यार्थ्याने फडावर दोन दिवस काढले असतील, त्याचे यंत्र वेगळे असेल, याची मला खात्री वाटते.

आटपाडीकर पालक आहेत, म्हणून त्यांना एक सांगावेसे वाटते. मी आता मुलाखती घेतो. ज्याने प्रत्यक्ष माणसांचा प्रश्न समजून घेऊन काही बनवले आहे आणि तो ते स्पष्ट सांगू शकतो, असा उमेदवार लगेच नजरेत भरतो. आपल्या मुलीचे नुकसान होणार नाही.

तिसरे सत्र

मी सध्या तिसऱ्या सत्रात आहे. विषय आम्हाला आवडेल, पण गुण कसे देणार हे आधीच स्पष्ट असावे. गेल्या वर्षी समाजोपयोगी उपक्रमाचे गुण सगळ्यांना सारखेच मिळाले, त्यामुळे ज्यांनी मनापासून काम केले ते नाराज झाले. आणि कला महाविद्यालय वेगळ्या विद्यापीठाकडे असेल तर त्यांचे श्रेयांक आमच्या गुणपत्रिकेवर कसे येणार?

शेजपाळी

श्रेयांकांचे धागाकर्ते सांगतीलच. आटपाडीकर, प्रवासाबद्दलची आपली काळजी रास्त आहे. आटपाडी तालुक्यापुरते सांगतो, गटाच्या मुक्कामाची सोय शाळेत किंवा पाणीवापर संस्थेच्या कार्यालयात होऊ शकेल आणि मुलींच्या गटासोबत गावातल्या बचत गटाच्या महिला राहतील, अशी व्यवस्था आधी बोलून करता येईल. राज्य शासनाने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले, त्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्याच्या विकासप्रश्नांवर काम करावे, असाच हेतू आहे. त्याचा आधार घेऊन जिल्हा प्रशासनाकडून रीतसर पत्र मिळवावे, म्हणजे विद्यार्थी गावात परके ठरणार नाहीत आणि आकडेवारी मागताना अडचण येणार नाही.

विश्रामबागकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या चर्चेमुळे मूळ प्रस्ताव बराच बदलला आहे. बैठकीत मांडायचा मसुदा आता असा आहे.

इंग्रजी संभाषणकौशल्याचे तास कायम राहतील. जागा व्यवस्थापनाच्या विषयांतून काढावी लागेल. त्याला आमच्याकडे विरोध होईल, तो अंगावर घेण्याची माझी तयारी आहे. सहा श्रेयांकांचे दोन भाग होतील. पाचव्या सत्रात दोन श्रेयांकांचा वाचन आणि चर्चेचा वर्ग असेल, तो दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र करायचा. त्यात जमीनधारणा, जात, लिंगभाव, पुनर्वसनाचे कायदे आणि कागदपत्रांचे वाचन येईल, तसेच नकाशा, पूररेषा आणि शक्यतेचे गणितही येईल. मिरजकरीण ताई, तो गणिताचा भाग शिकवायला मी स्वतः कला शाखेच्या वर्गावर येईन. सहाव्या सत्रात चार श्रेयांकांचा प्रकल्प असेल. दोन्ही मार्गदर्शकांकडे निम्मे निम्मे गुण असतील आणि दोघांकडेही स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागेल, म्हणजे कोणत्याही बाजूचे काम केवळ अहवालातले एक प्रकरण बनून राहणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला आपली क्षेत्रनोंदवही स्वतःच्या हस्ताक्षरात ठेवावी लागेल आणि वैयक्तिक गुण त्या वहीवर अवलंबून असतील. ‘तिसरे सत्र’ यांच्या तक्रारीला माझ्याकडे सध्या एवढेच उत्तर आहे. श्रेयांकांच्या देवाणघेवाणीसाठी २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची सोय आहे, त्यामुळे दोन विद्यापीठांचा प्रश्न नियमात बसतो. कठीण प्रश्न वेगळाच आहे. कला महाविद्यालयाच्या शिक्षकाने आमच्या विद्यार्थ्यांना दिलेले तास त्याच्या कार्यभारात धरले गेले पाहिजेत, नाहीतर आपण त्याच्याकडून फुकट काम करून घेऊ आणि दुसऱ्या वर्षी कोणी येणार नाही. हे दोन्ही प्राचार्यांकडून लेखी घेतल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

मौखिक परीक्षा मराठीत होईल आणि तिच्या आधी गटाने आपले निष्कर्ष संबंधित गावात किंवा प्रभागात वाचून दाखवायचे. तिथे लोकांनी जे आक्षेप घेतले, त्यांना अहवालात उत्तर द्यावे लागेल.

पाटणखोरे यांनी सुचवलेला बुडीत गावांचा माग आणि वारणाकाठ यांनी सुचवलेला ऊसतोडणीचा विषय दुसऱ्या वर्षासाठी ठेवतो, कारण दोन्हींसाठी जिल्ह्याबाहेर जावे लागेल. पहिल्या वर्षी एक गट आटपाडीला शेजपाळी काकांकडे जाईल. दुसरा सांगलीतच राहील. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर आणि कर्नाळ रस्ता या सखल भागांत पाणी सर्वांत आधी शिरते. तेथील कुटुंबे २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये नेमकी कोणत्या पातळीला घराबाहेर पडली, त्यांना कोणी सांगितले, त्यांनी काय सोबत घेतले आणि काय मागे ठेवले, हे तो गट घरोघर विचारून पुलावरच्या पातळीच्या नोंदींशी जुळवून पाहील.

यासाठी एक मदत हवी आहे. त्या दोन्ही पुरांत निवारा केंद्रांवर काम केलेल्या कोणाकडे येणाऱ्यांच्या नोंदवह्या, निदान त्यांची छायाचित्रे असतील, तर कृपया व्यक्तिगत निरोपाने कळवावे. कुटुंबांची नावे गुप्त ठेवली जातील. आम्हाला केवळ दिवस, वेळ आणि भाग हवा आहे.